शांत किनारा आणि वतनाचा हक्क

मनुष्याने कोठे राहावे, हा प्रश्न वरकरणी केवळ सोयीचा वाटतो. पाणी, रस्ता, दवाखाना, हवामान आणि खर्च पाहिला की उत्तर मिळाले, असा आपला समज असतो. परंतु आपल्या भोर-वेल्हे परिसरातील आणि घाट उतरून गेल्यावर लागणाऱ्या महाड-माणगावकडील मुस्लिम घरांत हल्ली हाच प्रश्न वेगळ्या रूपाने विचारला जात आहे, आणि त्यात सोयीपेक्षा बरेच अधिक काही गुंतलेले आहे.

आखातात पंचवीस-तीस वर्षे नोकरी केलेला एखादा गृहस्थ पन्नाशी ओलांडतो. मुले शिकून मार्गी लागलेली असतात. पुण्याला कोंढव्यात एक सदनिका असते, भोरला वडिलोपार्जित घर असते. तरीही त्याच्या मनात घर करून असते ते तिसरेच ठिकाण. ओमानमधील सलाला किंवा सूर, मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरील तेरेंगानू, असे कुठलेसे समुद्राकाठचे निवांत शहर. पाच वेळची अजान ऐकू यावी, हलाल अन्न विनासायास मिळावे, गर्दी नसावी, संध्याकाळी लाटांच्या आवाजात तसबीह फिरवत बसावे. मग तो आपल्या मशिदीच्या इमामाला विचारतो, "मौलाना, उरलेले आयुष्य तिकडे जाऊन काढले, तर शरीअतची काही हरकत आहे का?"

फिकहच्या दृष्टीने या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत देता येते. नैतिक दृष्टीने मात्र ते इतक्या लवकर संपत नाही. म्हणूनच वाचकांसमोर त्याचा थोडा सविस्तर विचार मांडत आहे.

परवानगी कुठवर आहे?

प्रथम फिकहची बाजू. पृथ्वी अल्लाहची आहे आणि ती प्रशस्त आहे, हे पवित्र कुरआनने सूरह अन्कबूतच्या ५६व्या आयतीत ईमानधारकांना आवर्जून सांगितले आहे. सूरह मुल्कच्या १५व्या आयतीत तर अल्लाहने जमीन मानवासाठी वश केल्याचे सांगून तिच्या वाटांवर चालण्याची आणि त्याने दिलेली रोजी खाण्याची आज्ञा केली आहे. व्यापारासाठी, ज्ञानासाठी, रोजीसाठी मुसलमान सतत प्रवास करत आले. आपल्या हनफी फिकहमध्ये 'वतन-ए-असली' बदलता येते, हा प्रसिद्ध मसला आहे. एखाद्याने कुटुंबासह दुसऱ्या ठिकाणी कायमचे राहण्याच्या इराद्याने स्थलांतर केले, तर पहिले गाव त्याचे वतन-ए-असली राहत नाही. पुढे कधी तो तेथे पंधरा दिवसांहून कमी काळासाठी आला, तर त्याने मुसाफिराप्रमाणे कसर नमाज पढावी.

म्हणजे हरकत नाही. जो जाईल तो गुन्हेगार ठरत नाही, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे. मात्र एखादी गोष्ट मुबाह असणे आणि ती आपल्या हातून घडण्यास योग्य असणे, यांत अंतर असते. हे अंतर नियत भरून काढते. हिजरतसारखे थोर कर्मसुद्धा जर दुनियेच्या लाभासाठी केले, तर त्याचे फळ तेवढेच मिळते, ही शिकवण इमाम बुखारी (रह.) यांनी आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच हदीसमधून दिली आहे. तेव्हा प्रश्न असा उरतो की शांत किनाऱ्याकडे निघालेल्या माणसाची नियत नेमकी काय असते?

समुद्र हवा की ओळख नको?

शांतता हवी असणे यात काही वावगे नाही. सूरह नहलच्या ८०व्या आयतीत अल्लाहने घरांना विसाव्याचे स्थान बनविल्याचा उल्लेख आपल्या कृपांमध्ये केला आहे. हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी आपले मानलेले बंधू हजरत अबू दरदा (रजि.) यांना समजावले होते की तुमच्या पालनकर्त्याचा तुमच्यावर हक्क आहे, तुमच्या स्वतःचाही हक्क आहे आणि तुमच्या घरच्यांचाही आहे, म्हणून प्रत्येक हक्कदाराला त्याचा हक्क द्या. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कानी हे गेले तेव्हा त्यांनी सलमान यांचे म्हणणे खरे ठरविले. तीस वर्षे उन्हातान्हात राबलेल्या देहाचा विश्रांतीवर हक्क आहे, आणि तो मागणाऱ्याला कोणी स्वार्थी म्हणू नये.

पण एक साधी कसोटी लावून पाहू. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड लागते, आणि तेथून पुढे गेले की श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दिवेआगर. तिथे समुद्र आहे, शांतता आहे, नारळी-पोफळीच्या बागा आहेत, आपल्या दीनी बांधवांच्या जुन्या वस्त्या आणि मशिदी आहेत. हे सारे आपल्या भाषेच्या मुलखात आहे. मग समुद्रच हवा असेल तर श्रीवर्धन का नको?

या प्रश्नाला दिली जाणारी काही उत्तरे प्रामाणिक असतात. कुणाची मुलगी मस्कतला दिलेली असते, कुणाचा मुलगा तिकडेच नोकरीला असतो. पण पुष्कळदा माणूस क्षणभर थांबतो आणि मग म्हणतो, "तिथे सगळे ओळखतात हो." या एका वाक्यात सारे आले. ओळखतात, म्हणून लग्नाची आमंत्रणे येतात. भावकीच्या जमिनीचा वाद आला की मध्यस्थीला बोलावतात. मशिदीच्या छपराच्या वर्गणीसाठी दार ठोठावतात. आजारी मावशीला पुण्याच्या इस्पितळात न्यायला गाडी मागतात. अर्ध्या रात्री मय्यत झाली तर कबर खणण्यासाठी हाक मारतात. अशा वेळी आपल्याला समुद्र हवा नसतो, ओळख नको असते. ज्या गावात कोणाचाच आपल्यावर हक्क नाही, अशा गावाला आपण 'शांत' म्हणू लागतो.

इथे मोमिनाने सावध व्हावे. कुरआनच्या भाषेत ज्याला 'सकीना' म्हटले आहे, ती मनःशांती हक्कांपासून सुटका झाल्यावर उतरत नाही. सूरह तौबाच्या ४०व्या आयतीत तिचा उल्लेख येतो तो सौर गुहेच्या प्रसंगी. बाहेर शत्रू शोधत फिरत आहे, आत प्रेषित (स.) आणि त्यांचे सोबती हजरत अबू बकर (रजि.) आहेत, आणि त्या क्षणी सकीना उतरते. एकाहून एक निवांत जागा मक्केच्या आसपास असतील, पण सकीना उतरली ती संकटात, आणि जबाबदारी खांद्यावर असताना. त्याच सूरहच्या २४व्या आयतीत माणसाला आवडणाऱ्या घरांची गणना अशा गोष्टींमध्ये केली आहे, ज्या अल्लाह, त्याचा प्रेषित आणि त्याच्या मार्गातील प्रयत्न यांहून अधिक प्रिय झाल्या, तर परिणाम कठीण होतो. घर आवडण्यास मनाई नाही. घराची आवड कशावर मात करते, एवढे तपासायला सांगितले आहे.

'वतन' हा मराठी शब्द

मदरशात 'वतन' हा शब्द अरबी म्हणून शिकलो, महाविद्यालयात तोच मराठी म्हणून पुन्हा भेटला. दोन्हीकडच्या अर्थांत एक बोलका फरक आहे. अरबीत वतन म्हणजे माणूस जिथे वस्ती करतो ते ठिकाण. मराठीने हा शब्द घेतला आणि त्याला चाकरी जोडली. शिवकाळापासूनच्या कागदपत्रांत वतन म्हणजे एखाद्या कामाच्या मोबदल्यात पिढ्यान्‌पिढ्या मिळालेला हक्क. पाटलाचे वतन, कुलकर्ण्याचे वतन, काझीचे वतन. गावगाड्यात आपल्या मुलाण्याचेही वतन असे. हलाल करणे, मशीद किंवा पिराचे स्थान सांभाळणे ही त्याची चाकरी, आणि खळ्यावर वर्षाकाठी मिळणारे धान्य हा त्याचा हक्क. भोर संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले आणि पुढील दोन दशकांत निरनिराळ्या कायद्यांनी वतने संपुष्टात आली. त्या व्यवस्थेत जातीची उतरंड होती, अन्याय होता. ती गेली हे योग्यच झाले.

पण शब्दाने जपलेला एक अर्थ आपण टाकून देऊ नये. जिथे माझा हक्क आहे तिथे माझी चाकरीही आहे, आणि दोन्ही मिळून वतन होते. चाकरीविना जिथे केवळ उपभोग घ्यायचा, तिथे माणूस फार तर पाहुणा असतो. इस्लामने पाहुण्याच्या आदरातिथ्याचा हक्क तीन दिवसांचा सांगितला आहे. त्यापुढे जे मिळते तो सदका ठरतो. तीस वर्षे पाहुणा म्हणून राहणे ही काही सन्मानाची गोष्ट नव्हे.

आपणही कोणाचे तरी 'शांत गाव' आहोत

ही गोष्ट समजण्यासाठी भोर-वेल्ह्याच्या माणसाला दूर जायला नको. पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी आपलाच मुलूख ते शांत ठिकाण आहे. भाटघरच्या पाण्याकाठी, पानशेतच्या वरच्या अंगाला, गुंजवणीच्या खोऱ्यात, तोरणा आणि राजगड दिसेल अशा उतारांवर त्यांनी जमिनी घेतल्या आहेत, कुंपणे घातली आहेत, बंगले उभे केले आहेत. पावसाळ्यात मढेघाटाचे धुके पाहायला गाड्यांची रांग केळदपर्यंत लागते.

या येणाऱ्यांविषयी आपल्या लोकांना काय वाटते, ते चहाच्या टपरीवर बसून ऐकावे. काहींविषयी लोक आदराने बोलतात. कोणी शाळेला संगणक दिला असतो, कोणी गावातल्याच गवंड्याला काम दिले असते, कोणी उरुसाला आणि जत्रेला येऊन पंगतीत मांडी घालून बसतो. अशा माणसाला गाव आपला म्हणू लागते. बहुतेकांविषयी मात्र लोकांना सांगण्यासारखे काहीच नसते. शनिवारी गाडी येते, फाटक उघडते, रविवारी गाडी जाते, फाटक बंद होते. ओढ्याकडे जाणारी जुनी पायवाट कुंपणाने अडवलेली असते. ज्याने जमीन विकली त्याचाच मुलगा तिथे राखणदार असतो. त्या माणसाने गावाची शांतता विकत घेतली, पण गावाला तो मिळाला नाही.

आता आपला बांधव सलालाला जाणार आहे. तिथल्या कोळ्याच्या, दुकानदाराच्या, शेजारच्या म्हातारीच्या दृष्टीने तो या दोहोंपैकी कोण ठरेल? आपल्या ओढ्याकाठच्या बंद फाटकाविषयी जी नाराजी आपण बोलून दाखवतो, तेच फाटक आपण दुसऱ्याच्या किनाऱ्यावर बसवणार असू, तर तो न्याय होईल का? स्वतःसाठी जे आवडते तेच आपल्या भावासाठी आवडेपर्यंत माणसाचा ईमान पूर्ण होत नाही, ही हदीस केवळ अन्न-वस्त्राला लागू नाही. ती वस्तीलाही लागू आहे.

सलालाविषयी एक गोष्ट आपल्याकडच्या माणसाला विशेष जवळची वाटेल. जूनपासून सप्टेंबरपर्यंत जे नैऋत्येचे वारे वेल्ह्याच्या डोंगरांवर पाऊस ओततात, तेच वारे धोफारच्या डोंगरांना भुरभुर पावसाने आणि धुक्याने हिरवे करतात. अरब लोक त्या मोसमाला खरीफ म्हणतात. आपल्याकडे तोच शब्द भाताच्या हंगामाला आहे. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता यालाही तेथील पानवेली आणि नारळ पाहून हिंदुस्थानचेच स्मरण झाले. तेव्हा त्या किनाऱ्याची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. पण वारे एक असले तरी माणसांचे हक्क त्या त्या ठिकाणचे असतात.

ते हक्क कोणते, हेही पाहिले पाहिजे. आखाती देश परदेशी माणसाला सहसा नागरिकत्व देत नाहीत. दुबईने २०२० मध्ये पंचावन्न वर्षांवरील निवृत्तांसाठी पाच वर्षांचा, पुढे वाढवता येणारा निवास परवाना सुरू केला. ओमानने २०२१ पासून गुंतवणूक करणाऱ्यांसाठी पाच व दहा वर्षांचे परवाने देऊ केले. हे परवाने म्हणजे करार आहेत. सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत करार पाळण्याची आज्ञा आहे. निवृत्तीच्या परवान्यावर राहून लपून धंदा करणे, उत्पन्न खोटे दाखवणे, मुदत संपल्यावर रेंगाळणे, हे सारे त्या आज्ञेच्या विरुद्ध जाते. कायद्याच्या नजरेतून सुटले, तरी अल्लाहच्या नजरेतून सुटत नाही.

दुसरा हक्क तेथील गरिबाचा. बाहेरून पैसेवाले येऊ लागले की किनाऱ्यावरील घरांची भाडी चढतात आणि मूळ रहिवाशांच्या मुलांना आपल्याच गावात घर परवडेनासे होते. पोर्तुगालमध्ये यावरून एवढा असंतोष झाला की २०२३ मध्ये तेथील सरकारने घर विकत घेऊन निवास परवाना मिळविण्याचा मार्गच बंद केला. तिसरा हक्क मजुराचा. त्या शांत शहरात पहाटे रस्ता झाडणारा, बांधकामावर उन्हात उभा असणारा कामगार कदाचित आपल्याच महाडचा, बिहारचा किंवा बांगलादेशचा असतो. तोही परदेशीच आहे, पण त्याला कोणी शांततेच्या शोधात आलेला म्हणत नाही. एकाच विमानातून उतरलेल्या दोन मुसलमानांपैकी एकाची शांतता दुसऱ्याच्या घामावर उभी असेल, तर निदान जुम्याच्या सफमध्ये त्याच्या खांद्याला खांदा लावताना त्याचे नाव आपल्याला ठाऊक असावे.

किनाऱ्यावर गेलेला एक वतनदार

परक्या किनाऱ्यावर गेलेला माणूस तेथील वतनदार कसा होतो, याचे उदाहरण आपल्याच मुलखाने दिले आहे. कोकणी घराण्यातील एक बुजुर्ग, ज्यांना दक्षिण आफ्रिकेत सूफी साहेब म्हणून ओळखतात, ते १८९५ मध्ये दरबानला पोहोचले. शहराच्या उत्तरेस उमगेनी नदी समुद्राला मिळते, त्या भागातील रिव्हरसाइड येथे त्यांनी वास्तव्य केले. नदी, समुद्र, शांतता, सारे तिथे होते. पण त्यांनी तिथे काय उभारले? मशीद, मदरसा, अनाथ मुलांसाठी आश्रय. उसाच्या मळ्यांत राबायला नेलेले हिंदी मजूर त्या काळी त्या प्रदेशात मोठ्या संख्येने होते. सूफी साहेबांनी पुढे इतरत्रही मशिदी आणि मदरसे स्थापन केले. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले आणि रिव्हरसाइडलाच त्यांचे दफन झाले.

पुढे वर्णभेदी सरकारच्या १९५० च्या ग्रूप एरियाज कायद्याखाली त्या परिसरातील हिंदी वस्ती हटविण्यात आली. घरे गेली, शेजार गेला. मशीद मात्र राहिली. तसव्वुफच्या मार्गाविषयी आपल्यात मतभेद असू शकतात. पण एखाद्या जागेला आपण काय दिले यावर आपले तिथले अस्तित्व टिकते, ही शिकवण घेण्यास मतभेदाची अडचण नसावी. त्यांनी किनारा निवडला, आणि त्या किनाऱ्याची चाकरीही पत्करली.

हाच धडा आपल्याला हजरत इब्राहीम (अ.) यांच्याकडून मिळतो. सूरह इब्राहीमच्या ३७व्या आयतीत त्यांनी आपल्या संततीला शेतीविना असलेल्या खोऱ्यात वसविल्याचे सांगितले आहे, आणि कारण दिले आहे नमाज कायम करण्याचे. लोकांची मने तिकडे वळावीत आणि फळांची रोजी मिळावी, ही दुआ त्यानंतर येते. आपण पुष्कळदा हा क्रम उलटा करतो. आधी फळे पाहतो, मग लोक कसे आहेत ते पाहतो, आणि नमाजची सोय ही यादीतील एक सुविधा म्हणून शेवटी तपासतो.

मागे राहणाऱ्यांचा हिशेब

जिथे जायचे तिथल्या हक्कांइतकेच जिथून निघायचे तिथले हक्क महत्त्वाचे आहेत. मदीनेत बनू सलिमा नावाचे कुटुंबसमूह मशिदीपासून दूर, शहराच्या कडेला राहत. मशिदीजवळ जागा रिकाम्या झाल्या तेव्हा त्यांनी तिकडे येऊन राहण्याचे ठरविले. त्यांचा हेतू किती शुद्ध होता पाहा. तरीही प्रेषित (स.) यांनी त्यांना आहे तिथेच राहण्यास सांगितले आणि त्यांची दूरवरून पडणारी पावले नोंदली जातात, असा दिलासा दिला. हजरत अनस (रजि.) यांच्या कथनानुसार मदीनेची कड ओसाड व्हावी हे प्रेषितांना पसंत नव्हते. वस्तीच्या कडेला राहणारी माणसेही वस्तीला राखत असतात.

आपला मुलूख कडेलाच आहे. भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर या धरणांच्या पाण्याखाली आपल्या खोऱ्यांतील गावे गेली आणि माणसे पांगली. ती निवड नव्हती. नंतर रोजीसाठी तरुण पुण्या-मुंबईला गेले. तीही पुरती निवड नव्हती. घाटमाथ्यावरच्या एखाद्या गावात मुलाण्याचे एकच घर उरते, आणि त्यातही म्हातारा-म्हातारी. मय्यत झाली की जनाजाला खांदा द्यायला तालुक्याहून माणसे येईपर्यंत थांबावे लागते, आणि तोवर शेजारचे मराठा, धनगर, महादेव कोळी बांधव तिरडीसाठी बांबू आणून ठेवतात, कबरीची माती काढू लागतात. ज्याच्याकडे अनुभव आहे, पैसा आहे आणि प्रथमच खरोखर निवड करण्याची मोकळीक आहे, तोही जेव्हा निघतो, तेव्हा मशिदीची एक सफ आखूड होते. हा हिशेब कोणत्याही परवान्याच्या अर्जावर विचारत नाहीत.

आणि आई-वडील? एक मनुष्य हिजरतची बैअत करण्यासाठी प्रेषित (स.) यांच्याकडे आला आणि म्हणाला की मी आई-वडिलांना रडत सोडून आलो आहे. प्रेषितांनी त्याला परत पाठविले, आणि जसे रडविलेस तसे त्यांना हसव, असे फर्माविले. जी हिजरत स्वतः इबादत होती, तीसुद्धा आईच्या अश्रूंपुढे थांबविली गेली. मग विसाव्यासाठी केलेल्या प्रवासाची काय कथा? वर उल्लेखिलेला इब्न बतूता १३२५ मध्ये तंजाहून निघाला, तेव्हा त्याचे आई-वडील हयात होते. अनेक वर्षांनी परतताना दमास्कसमध्ये त्याला वडील पंधरा वर्षांपूर्वीच वारल्याचे कळले, आणि घराच्या वाटेवर असताना समजले की आईलाही महामारीने नेले. जगाने त्याचा प्रवास लक्षात ठेवला. परंतु त्या दोन बातम्या ऐकताना त्याला काय वाटले असेल, हे ज्याची म्हातारी आई भोरच्या घरात ओसरीवर बसून फोनची वाट पाहते, त्याने स्वतःला विचारावे.

ज्यांचे मन इथे आखडते

एक आक्षेप अनेकजण हळू आवाजात घेतात. "मौलाना, इथे मन आखडते. बातम्या ऐकून भीती वाटते. मुलांना नावावरून घर भाड्याने मिळत नाही. तिकडे निदान कोणी नाव ऐकून भुवया उंचावत नाही." ही व्यथा खोटी नाही, आणि तिला उपदेशाने झाकून टाकणे हा जुलूम होईल. जिथे दीन पाळणे अशक्य होते, तिथून निघण्याची मुभाच काय, सामर्थ्य असणाऱ्याला सूरह निसाच्या ९७व्या आयतीत कडक ताकीद आहे. मक्केतील पहिले मुसलमान तांबडा समुद्र ओलांडून नजाशीच्या राज्यात गेले आणि तेथील ख्रिस्ती राजाच्या न्यायावर विसंबून राहिले. ज्याला खरोखर जीव, अब्रू किंवा दीन वाचविण्यासाठी निघावे लागते, त्याच्याविषयी या लेखात एक शब्दही विरोधाचा नाही.

परंतु आपल्यातील बहुतेकांची स्थिती तशी आहे का, हे आपण प्रामाणिकपणे पाहावे. भोरमध्ये अजान होते, जुमा होतो, ईदला शेजारी शीरखुर्म्याची वाट पाहतात. त्रास आहे, पण त्रास आणि असंभव एक नव्हेत. जो मोमिन लोकांत मिसळतो आणि त्यांच्याकडून होणारा त्रास सहन करतो, तो न मिसळणाऱ्या व न सोसणाऱ्यापेक्षा श्रेष्ठ असल्याचे हदीसमध्ये आले आहे. फितन्याच्या काळात आपला दीन घेऊन डोंगरमाथ्यावर शेळ्या चारण्यास जाणाऱ्याचीही प्रशंसा हदीसमध्ये आहे, हेही खरे. इमाम गझाली (रह.) यांनी बगदादची मानाची गादी १०९५ मध्ये सोडली, आणि आपल्या 'एहया'मध्ये एकांताचे लाभ व हानी यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. पण तेही अखेर आपल्या मूळ गावी तूसला परतले आणि विद्यार्थ्यांना शिकवत राहिले. दोन्ही हदीसचा मेळ असा की दीन वाचविण्यासाठीचा एकांत वेगळा आणि माणसे टाळण्यासाठीचा एकांत वेगळा. यांतला कोणता आपला आहे, हे दुसरा कोणी सांगू शकत नाही.

निवड करण्यापूर्वी

म्हणून मला विचारणाऱ्या बांधवाला मी नाही म्हणत नाही. त्याने काही गोष्टी आपल्याशी आणि आपल्या पत्नीशी मोकळेपणाने बोलाव्यात, एवढे सुचवितो. पत्नीचे नाव मुद्दाम घेतले. पुष्कळदा शांत किनाऱ्याचे स्वप्न नवरा पाहतो, आणि एकटेपण बायको भोगते. तिची बहीण, तिची भाषा, तिचे शेजार इकडे राहते. आपली आई किंवा सासू हयात असेल, तर तिला विचारावे, आणि तिच्या होकारात रडू दडलेले नाही ना, ते पाहावे. इकडची देणी-घेणी, बहिणीचा वारसाहक्क, भावकीतील जमिनीची वाटणी आधी चुकती करावी. बहिणीचा हिस्सा दाबून घेतलेल्या पैशातून विकत घेतलेल्या किनाऱ्यावर शांतता कशी मिळेल? तिकडे जाऊन आपण काय करणार, कोणाच्या उपयोगी पडणार, हे निश्चित करावे. मुलांना शिकविता येईल, मजुरांना कागद लिहून देता येतील, मशिदीत झाडू मारता येईल. आणि इकडच्या गावाशी नाते कसे राखणार, हेही ठरवावे. मग इस्तिखारा करावा, जाणत्यांचा मशवरा घ्यावा आणि अल्लाहवर भरवसा ठेवून पाऊल उचलावे, नाहीतर मागे घ्यावे. दोन्हींत खैर असू शकते.

हजरत अबू दरदा (रजि.) शामच्या पवित्र भूमीत जाऊन राहिले, तेव्हा त्यांनी हजरत सलमान (रजि.) यांना पत्र लिहून तिकडे बोलाविले. सलमान यांनी उत्तर कळविले की जमीन कोणालाही पवित्र करत नाही, माणसाला पवित्र करते ते त्याचे कर्म. इमाम मालिक (रह.) यांनी 'मुवत्ता'मध्ये हा प्रसंग नोंदविला आहे. पवित्र भूमीच्या बाबतीत जर हे खरे, तर निवांत भूमीच्या बाबतीत किती अधिक खरे असेल!

आपण कोणत्या जमिनीत मरणार, हे कोणत्याही जीवाला ठाऊक नाही, असे सूरह लुकमानच्या अखेरच्या आयतीत सांगितले आहे. ती जमीन सलालाची असेल, श्रीवर्धनची असेल की वेल्ह्याच्या लाल मातीची, हे अल्लाहच जाणतो. मक्का सोडताना प्रेषित (स.) यांचे मन भरून आले होते. मदीनेत पोहोचल्यावर हजरत बिलाल (रजि.) तापात मक्केच्या डोंगरांची आणि गवताची आठवण काढत होते. तेव्हा प्रेषितांनी दुआ केली की मदीना आम्हाला मक्केइतकी किंवा त्याहूनही अधिक प्रिय कर. आणि मग त्याच मदीनेत त्यांनी मशीद बांधली, बाजार उभा केला, मुहाजिर आणि अन्सार यांच्यात बंधुत्व जोडले.

या अल्लाह, जिथे आम्ही आहोत ती जमीन आम्हाला प्रिय कर. जिथे तू आम्हाला नेशील, तिथल्या लोकांना आमच्यामुळे त्रास होऊ देऊ नकोस. आमच्या आई-वडिलांचे डोळे आमच्यामुळे थंड ठेव, आणि ज्यांचे हक्क आमच्या मानेवर आहेत, ते मरणापूर्वी फेडण्याची आम्हाला तौफीक दे. आमीन.